सळई वर का, एवढं विचारा

प्रति,
सन्माननीय सदस्य,
विद्यापरिषद आणि अभियांत्रिकीची अभ्यास मंडळे,
सांगली-सातारा भागातील अभियांत्रिकी महाविद्यालये ज्यांच्या कक्षेत येतात ती विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये.

विषय : कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आलेल्या विद्यार्थ्यांचे टर्म वर्क, प्रोजेक्ट आणि तोंडी परीक्षा.

स.न.वि.वि.

मी गेली सत्तावीस वर्षं सांगलीत इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाईन करते. विश्रामबागेत माझं छोटं ऑफिस आहे. उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांना एक्स्टर्नल म्हणून व्हायव्हा घ्यायलाही मला बोलावतात. त्यामुळे आपले विद्यार्थी मला दोनदा भेटतात. एकदा परीक्षेच्या टेबलासमोर, आणि मग चार-सहा महिन्यांनी बायोडाटा घेऊन ऑफिसच्या दारात. पहिल्या भेटीत कागदावर दिसणारा विद्यार्थी आणि दुसऱ्या भेटीत समोर बसलेला विद्यार्थी यांची ओळख गेल्या तीन वर्षांत पटेनाशी झाली आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यातला एक प्रसंग सांगते. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण हेच दुसऱ्या कॉलेजातही झालं असतं. चौघांचा ग्रुप होता. प्रोजेक्ट नेहमीचाच, तळमजला अधिक तीन मजल्यांची राहती इमारत. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, शंभराहून जास्त पानांचं, इंग्रजी निर्दोष, तक्ते देखणे, भूकंपाचा हिशेब आय.एस. १८९३ या भारतीय मानकाप्रमाणे केलेला. मी चाळत चाळत गॅलरीच्या डिझाईनवर आले. दीड मीटर बाहेर आलेली गॅलरी, म्हणजे कॅन्टिलिव्हर. आणि आकृतीत मुख्य सळई स्लॅबच्या खालच्या बाजूला.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंनी टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून सळई खाली लागते. गॅलरीचं एकच टोक इमारतीत रोवलेलं असतं. तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळई वर लागते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. सळई खाली पडली तर सेंट्रिंग काढल्यावर ती गॅलरी आज ना उद्या खाली येते, आणि बहुतेक वेळा तिच्यावर कुणीतरी उभं असताना येते.

मी विचारलं, "हे कुणी केलंय?" एका मुलानं हात वर केला. मी विचारलं, "गॅलरी वाकली की ताण कुठे येतो?" तो गप्प. मग मी टेबलावरचं लांबट खोडरबर घेतलं, त्याच्या कडेवर पेनानं चार उभ्या रेघा ओढल्या, एक टोक चिमटीत घट्ट धरलं आणि दुसरं टोक त्याला खाली दाबायला सांगितलं. वरच्या बाजूला रेघा फाकल्या, खालच्या बाजूला जवळ आल्या. तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वर." मी म्हटलं, "मग सळई?" बराच वेळ गेला. "मॅडम, हे चॅटजीपीटीनं दिलंय. मी आकृती बघितलीच नाही."

तो खरं बोलला, आणि दोन मिनिटांत त्याला कळलंही. मुलगा हुशार होता. चार वर्षांत त्याला हा प्रश्न तोंडावर कुणी विचारलाच नव्हता. मला पुढे विचारायचं होतं, पण शेजारचे इंटर्नल सर अजिजीनं म्हणाले, "मॅडम, अजून अकरा ग्रुप आहेत, जरा आवरतं घ्या." त्या मुलाला ५० पैकी ४१ गुण मिळाले. त्या कागदावर माझी सही आहे. ती सही मला आजही खुपते.

यात सगळा दोष नव्या यंत्राचा आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आम्ही शिकत होतो तेव्हाही जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारली जायची. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर सिनिअरची शीट आणि त्यावर आपली. रात्रभरात अख्ख्या सेमिस्टरचं ड्रॉइंग तयार. जर्नलं उतरवली जायची. प्रयोगातली रीडिंगं उत्तरावरून उलटी काढली जायची. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात होस्टेलवर काय चालायचं, ते आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिलं आहे.

तरी एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्यातच आहे. उतरवलेली फाईल उतरवलेली दिसायची. साठ फायलींत एकच चूक एकाच ओळीत सापडायची आणि परीक्षकाला कळायचं की मूळ फाईल कुणाची. शिवाय ट्रेस करताना का होईना, हात त्या रेषांवरून फिरायचा. आता साठ जणांच्या साठ फायली वेगवेगळ्या आणि साठही नीटनेटक्या. त्यांतली कुठली मुलानं विचार करून लिहिली आणि कुठली न वाचता चिकटवली, हे सत्तावीस वर्षांच्या अनुभवानंतरही मला कागदावरून सांगता येत नाही. फाईल हा पुरावा उरलेला नाही. आणि आपली निम्मी अंतर्गत गुणपद्धती अजून फाईलवरच उभी आहे.

काही कॉलेजांनी यावर उपाय म्हणून 'एआय किती टक्के' हे सांगणारी सॉफ्टवेअर आणली आहेत. अहवाल आधी त्यातून जातो, आकडा जास्त आला की परत. कृपा करून हे थांबवा. चॅटजीपीटी ज्या कंपनीनं ३० नोव्हेंबर २०२२ला लोकांसमोर आणलं, त्या ओपनएआयनं यंत्राचा मजकूर ओळखणारं स्वतःचंच साधन जुलै २०२३मध्ये मागे घेतलं, आणि कारण दिलं की त्याची अचूकता कमी आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रानं लिहिलेले ठरवले गेले. कारण साधंच आहे. परकी भाषा लिहिणारा माणूस ठरावीक शब्द आणि सरळ वाक्यं वापरतो, आणि अशा साधनांना तेच यंत्राचं लक्षण वाटतं. आता सांगा, जत, आटपाडी, माण, खटावहून मराठी शाळेत शिकून आलेली आपली मुलं कसं इंग्रजी लिहितात?

माझ्या ऑफिसात गेल्या वर्षी जत तालुक्यातली एक मुलगी इंटर्नशिपला होती. तिनं अहवाल स्वतः लिहिला होता. माझ्यासमोर बसून लिहिला होता, म्हणून मी खात्रीनं सांगते. कॉलेजच्या सॉफ्टवेअरनं त्यातला बहुतांश मजकूर यंत्राचा ठरवला. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तिनं आपलाच मजकूर दुसऱ्या एका ॲपमध्ये टाकून 'माणसासारखा' करून घेतला आणि तो पास झाला. प्रामाणिक मुलीला प्रामाणिक ठरण्यासाठी यंत्राकडे जावं लागलं. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही बोलायला काही सुचलं नाही.

याच मुलीमुळे मला या गोष्टीची दुसरी बाजूही कळली, आणि ती आपल्यापुढे तितक्याच आग्रहानं मांडायची आहे.

ती दहावीपर्यंत मराठी शाळेत, मग डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. वर्गात प्रश्न विचारायला कचरायची, कारण प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या स्लाईडवर गेलेले असायचे. मी पण खेड्यातून मराठी शाळेतून आलेली. मेकॅनिक्समध्ये 'मोमेंट' म्हणजे भाराचा फिरवणारा, वाकवणारा परिणाम; पहिल्या वर्षी मला मात्र क्षण हाच अर्थ माहीत होता, आणि आठवडाभर मी त्या क्षणाचा आणि तुळईचा संबंध शोधत होते. विचारायला कुणी नव्हतं. या मुलीला मात्र होतं. ती रात्री फोनवर आपल्या बोलीत टाईप करायची, "बेंडिंग मोमेंट म्हंजी नक्की काय ते शेतातलं उदाहरण दिऊन सांग." समजलं नाही की पुन्हा, अजून सोपं करून. एकच गोष्ट तिनं वीस-वीसदा विचारली आणि तिला कुणी हसलं नाही. महिन्याभरात ती माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी झाली. असा धीराचा शिक्षक मला एकोणीसाव्या वर्षी मिळाला असता तर माझी एक केटी तरी वाचली असती.

आणि एक दिवस ती फोन घेऊन आली. यंत्रानं तिला कावडीचं उदाहरण दिलं होतं. खांद्यावर दांडा, दोन्ही टोकांना पाणी, सगळ्यांत जास्त मोमेंट खांद्यापाशी. इथवर बरोबर. पण पुढे लिहिलं होतं की खांद्यापाशी दांड्याची खालची बाजू ताणली जाते. ती म्हणाली, "मॅडम, हे चुकलंय. आमचे मामा शिंगणापूरला कावड घेऊन जातात. मुंगी घाट चढताना एकदा दांडा तडकला होता, तो वरनं तडकला. मी बघितलंय." मग तिनं यंत्राला ते सांगितलं, आणि यंत्रानं लगेच माफी मागून उत्तर बदललं. तिला चूक दिसली, कारण तिनं कावड पाहिली होती. त्या दुसऱ्या मुलाला दिसली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त आकृती होती, आणि तीही त्यानं नीट पाहिली नव्हती.

हे यंत्र चालतं कसं, ते आपण जाणताच. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ते अफाट मजकुरातून शिकलेलं असतं. म्हणून वाक्य कधी अडखळत नाही, बरोबर असो वा चूक. आय.एस. ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात कलम २३.२.१ आहे, वाकणं मर्यादेत राहावं म्हणून लांबी आणि जाडीचं मूळ गुणोत्तर देणारं. कॅन्टिलिव्हरला ७, साध्या टेकलेल्याला २०, सलग असलेल्याला २६. यंत्रानं हे कलम मला अचूकही सांगितलं आहे, आणि एकदा गॅलरीला २० धरूनही हिशेब करून दिला आहे. दीड मीटरला ७ नं भागलं तर २१४ मिलिमीटर येतात, २० नं भागलं तर ७५. पुढे सळईच्या प्रमाणानुसार हे आकडे बदलतात हे मान्य, पण सुरुवातच तिपटीनं चुकली. दोन्ही वेळा भाषेतला ठामपणा मात्र सारखाच होता. माझ्या ऑफिसात आम्ही हे यंत्र रोज वापरतो. महापालिकेला पत्रं लिहायला, बार बेंडिंग शेड्यूलची एक्सेल सूत्रं बनवायला, जुन्या हिशेबात चूक शोधायला. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त कलमाचा प्रत्येक आकडा कोडबुक उघडून बघायचा, हा आमच्याकडे नियम आहे. आणि तो नियम ज्याला मुळात ७ का आणि २० का हे कळतं, त्यालाच पाळता येतो.

संगणकावर विसंबून राहण्याची किंमत या व्यवसायानं आधीही मोजली आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेमध्ये स्लाइप्नर ए या तेलविहिरीच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना बुडाला. संगणकी विश्लेषणात हिशेबासाठी पायाचे तुकडे पाडणारी जाळी फार ढोबळ धरली होती, त्यामुळे भिंतींमधला शिअर, म्हणजे कापू पाहणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी आला. अपघातानंतर काळजीपूर्वक पुन्हा हिशेब केला तेव्हा ६२ मीटर खोलीवर तो फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. बरोबर उत्तर काढणं शक्य होतं. आलेल्या आकड्यावर शंका घेणारं तेवढं कुणी नव्हतं.

पण नॉर्वेपर्यंत जायची काय गरज? आपलं कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे पाटण तालुक्यात जमीन हलली तोवर दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, भूकंपापासून सुरक्षित, असंच पुस्तकांत लिहिलेलं होतं. धरणाचं डिझाईन करताना भूकंपाचा जोर गुरुत्वत्वरणाच्या ५ टक्के धरला होता. त्या पहाटे धरणातल्या भूकंपमापकानं प्रवाहाच्या दिशेनं नोंदवलेलं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मं होतं. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण मागच्या अंगाचा उतार जिथे अचानक बदलतो त्या पातळीला आडव्या भेगा पडल्या. नंतर धरणाला मागून आधार देऊन ते मजबूत केलं गेलं. जगभरात काँक्रीटच्या धरणांचा भूकंपासाठी अभ्यास करणारे आजही कोयनेच्या त्या नोंदी वापरतात.

समजा, १९६०मध्ये आजचं यंत्र असतं आणि कुणी त्याला विचारलं असतं, कोयना खोऱ्यात भूकंप किती धरू? त्यानं तोवर लिहिलेलं सगळं वाचून अत्यंत सफाईदार उत्तर दिलं असतं, आणि ते चुकलं असतं. कारण तिथली जमीन काय करणार आहे, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. तेव्हाच्या माणसांनाही ते कळलं नाही, हे खरं. पण भेगा कुठे पडल्या हे जाऊन पाहणारी, मोजणारी आणि पुस्तक बदलणारी माणसं अभियंतेच होती. आपल्याला अशी माणसं घडवायची आहेत. कोयना आपल्या मुलांपासून बसनं काही तासांवर आहे. किती मुलांना त्या भेगांची गोष्ट माहीत आहे? मी व्हायव्हाला विचारत असते. दहांत एखाद-दुसरा सांगतो.

म्हणून माझी पहिली मागणी : प्रश्न इथल्या जमिनीतले द्या. "मातीची धारणक्षमता अमुक धरा" असं म्हणून सुरू होणारं प्रत्येक उदाहरण यंत्र क्षणात सोडवतं, आणि त्यात मुलाचं काही उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक सेमिस्टरला एक काम असं द्या की ज्याची माहिती आणायला मुलाला घराबाहेर पडावं लागेल. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात, मारुती चौकात, हरिपूर रस्त्याला कित्येक घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. मुलानं ती शोधावी, जोत्यापासून मोजावी, घरच्यांना विचारावं की पाणी किती दिवस होतं, आणि मग त्या घराच्या पायाबद्दल लिहावं. शामरावनगरसारख्या सखल भागात काळी माती उन्हाळ्यात किती भेगाळते, पावसात किती फुगते, हे फूटपट्टी लावून बघावं. त्यानंतर अहवाल लिहायला त्यानं खुशाल यंत्राची मदत घ्यावी. भिंतीवरची रेघ त्याला यंत्र देणार नाही. मेकॅनिकल शाखेच्या मुलांना कुपवाडच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत नाकारलेली कास्टिंगं दाखवा, विद्युतच्या मुलांना गावच्या डीपीवरचा भार मोजू द्या. प्रत्येक शाखेला आपापली पूररेघ सापडेल.

दुसरी मागणी तोंडी परीक्षेची, आणि या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणणं हेच आहे. आज चौसष्ट मुलांची ओरल एका दिवसात होते. साडेदहाला सुरुवात, पाचला संपवायचं, मध्ये जेवण. हिशेब करा, माणशी साडेपाच मिनिटं येतात, आणि त्यातच फाईल बघणं, सही, गुण भरणं. साडेपाच मिनिटांत माणूस नाव आणि एक व्याख्या विचारू शकतो. मला पंधरा मिनिटं द्या. चौसष्ट मुलांना तीन दिवस लागतील. तीन दिवसांचं मानधन, प्रवासखर्च आणि वेळापत्रकातली जागा एवढाच हा खर्च आहे. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीपेक्षा तो माझ्या मते सत्कारणी लागेल. फाईलचे गुण काढून या पंधरा मिनिटांना द्या. फाईल राहू दे, पण बोलण्याचा विषय म्हणून राहू दे. मूल समोर बसेल, स्वतःचा अहवाल उघडेल आणि परीक्षक विचारतील : हे का? हे असं नसतं तर काय झालं असतं? हा आकडा दुप्पट केला तर काय बदलेल? ज्यानं समजून घेतलं आहे तो यंत्राच्या मदतीनं लिहिलेल्या अहवालावरही बोलू शकेल, आणि त्याला पूर्ण गुण मिळावेत. यंत्र वापरलं हे लपवायचं कारणच उरणार नाही.

आणि बोलणं मराठीत होऊ द्या. शब्द इंग्रजीच राहोत, शिअर, डेव्हलपमेंट लेंग्थ, क्युअरिंग, साईटवरही तेच चालतात. वाक्य मात्र मुलाला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेतलं असू द्या. मराठी, आणि जतच्या मुलाला हवं तर कानडीही, समोरच्या परीक्षकाला येत असेल तर. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२१मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट करून दिली. आपण निदान ओरलपुरती तरी ती वाट चालूया. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य ऐकून मला काहीच कळत नाही. "मॅडम, हितं ताण वर येतोय म्हणून सळई वर घेतली," हे ऐकलं की मी निर्धास्त होते. उद्या साईटवर मुकादमाशीही त्याला असंच बोलायचं आहे.

तिसरी गोष्ट मी माझ्या ऑफिसात करून पाहिली आहे, म्हणून सुचवते. नव्या मुलांना मी यंत्रानं केलेलं एक डिझाईन देते, कोडबुक देते, आणि सांगते की यात चुका आहेत, संध्याकाळपर्यंत शोधा. कधी सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी असतं, कधी भाराचा गुणक चुकलेला, कधी एकक. पहिल्या आठवड्यात त्यांना काहीच सापडत नाही, कारण छापील दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घ्यायची सवयच नसते. महिन्याभरात ती सवय लागते. अशी परीक्षा लेखी पेपरातही घेता येईल, पुस्तक उघडं ठेवून.

पहिल्या वर्षाबद्दल मात्र मी कडक आहे. फ्री बॉडी डायग्राम, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या, हातानं काढलेलं ड्रॉइंग, हे वर्गात बसून, फोन बाजूला ठेवून झालं पाहिजे. याला आधार आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानात जवळजवळ एक हजार शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग केला. साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. त्याच प्रयोगात तिसऱ्या गटाला असं साधन दिलं होतं जे उत्तर न देता, शिक्षकांनी ठरवलेल्या संकेतांनी मुलाला पुढे न्यायचं. त्या गटाचं ते नुकसान जवळजवळ झालंच नाही. म्हणजे यंत्र द्यायचं की नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ते उत्तर देणारं हवं की विचारणारं हवं, हे ठरवायला शिक्षक लागतो. आपल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी मिळून मेकॅनिक्ससाठी असा एक मराठीतून प्रश्न विचारणारा शिक्षक तयार केला आणि तो प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयातून फुकट उपलब्ध केला, तर जतच्या त्या मुलीसारख्या किती जणी उभ्या राहतील! महिन्याची वर्गणी भरणारा मुलगा आणि फुकटच्या मर्यादेत अडकलेली मुलगी हा फरकही त्यामुळे थोडा मिटेल.

प्राध्यापकांबद्दल एक शब्दही वाईट लिहायची माझी इच्छा नाही. अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या वर्षी नोकरी असेल की नाही ते माहीत नाही, मूल्यांकनाच्या फायली भरता भरता शिकवायला वेळ उरत नाही. निकालाची टक्केवारी घसरली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, म्हणूनच त्या इंटर्नल सरांनी मला आवरतं घ्यायला सांगितलं. पंधरा मिनिटांची ओरल खरी व्हायची असेल तर नापास करण्याची मोकळीक परीक्षकाला आणि इंटर्नलला, दोघांनाही लेखी द्यावी लागेल. पहिल्या वर्षी निकाल खाली येईल. तो येऊ द्या, आणि पालकांना कारण सांगा. पालकांना ते कळेल. त्यांच्याही घराला गॅलरी असते.

२०२५ हे वर्ष तंत्रशिक्षण परिषदेनं कृत्रिम बुद्धिमत्तेचं वर्ष म्हणून जाहीर केलं. एआय नावाच्या शाखा वाढल्या, जागा वाढल्या, त्याचा मला आनंद आहे. पण स्थापत्य, यंत्र, विद्युत या शाखांच्या परीक्षेत काय बदललं, हे मला अजून कुठल्या परिपत्रकात दिसलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं एकदम बदलू नका. येत्या उन्हाळी परीक्षेत एका कॉलेजात, स्थापत्यच्या एका वर्गात, आर.सी.सी. डिझाईनच्या एका ओरलला हे करून बघा. पंधरा मिनिटं, मराठीत, फाईलला शून्य गुण. परीक्षक म्हणून मी तीनही दिवस मानधन न घेता येईन. माझ्या ओळखीतले सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्याचे सहा सल्लागार अभियंतेही यायला तयार आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे.

तारीख कळवावी, ही विनंती. मे महिन्यात सोमवार ते बुधवार मी मोकळी आहे.

आपली नम्र,
एक सल्लागार स्थापत्य अभियंता,
विश्रामबाग, सांगली